पाच तारांच्या बेस गिटारची बी तार स्टेजवर हरवते? या चुका टाळा

गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा असो की फिरोदिया करंडकातलं लाइव्ह म्युझिक, पाच तारांच्या बेसबद्दलची तक्रार ठरलेली: डी आणि जी या बारीक तारा टोचतात, बी ही सगळ्यात जाड, सगळ्यात खालच्या सुराची तार नुसती घुमते, तिचा सूर कळत नाही. आणि मग हात जातो ॲम्पवर खालचे सूर वाढवणाऱ्या बेसच्या नॉबकडे. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

मोकळ्या बी तारेचा मूळ सूर सुमारे ३१ हर्ट्झचा, जी तारेचा ९८ चा. ३१ हर्ट्झला आपला कान मंद असतो आणि स्टेजवरचे बरेचसे स्पीकर कॅबिनेटही तिथे थकलेले असतात. आपण बी ओळखतो ती मुख्यतः ६२ आणि ९३ हर्ट्झच्या उपस्वरांवरून, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट-तिप्पट कंपनांच्या सुरांवरून. नॉब फिरवून खालचा भाग फुगवला की ॲम्पची ताकद खर्च होते, सूर मात्र स्पष्ट होत नाही. त्यापेक्षा २०० ते ४०० हर्ट्झचा भाग थोडासा उचलून बघा.

पण ईक्यूला (सुरांचे खालचे-वरचे भाग कमी-जास्त करणाऱ्या नॉबांना) हात लावायच्या आधी वाद्य जुळवा. नेक (दांडा) आणि ॲक्शन (नेकवरच्या फ्रेटपासून, म्हणजे धातूच्या पट्ट्यांपासून तारांची उंची) न तपासता पिकअपची (तारांखाली बसवलेल्या, कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाची) उंची बदलणं व्यर्थ आहे. पुण्यात जूनपासून हवा दमट होते, नेक हलते आणि उन्हाळ्यात लावलेली मापं गणपतीपर्यंत टिकत नाहीत. नेक ठीक झाली की तार शेवटच्या फ्रेटवर दाबून तिच्या तळापासून पिकअपपर्यंतचं अंतर मोजा. सुरुवातीला बीच्या बाजूला २.५ ते ३ मिलिमीटर, जीच्या बाजूला २ मिलिमीटर ठेवा. स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवा आणि प्रत्येक वेळी वाजवून ऐका. दबलेली तार वर आणण्यासाठी पिकअप चढवत नेऊ नका. जास्त वाजणारी बाजू खाली घ्या. पिकअप फार जवळ आला की चुंबक तारेला ओढतो, नाद लवकर मरतो आणि वरच्या फ्रेटवर सूर डगमगतो.

फक्त ए आणि डी दबत असतील तर कारण वेगळं. फ्रेटबोर्ड गोलसर, पिकअप सपाट, त्यामुळे मधल्या तारा लांब पडतात. अशा वेळी अख्खा पिकअप थोडा खाली घेतला की तारांमधला फरक कमी होतो. पिकअपमधल्या चुंबकांना स्क्रूची खाच नसेल तर ते ढकलू नका, आतली कॉइल तुटू शकते.

फक्त बी नवी किंवा फक्त बी जुनी, असं चालत नाही. ४५-६५-८५-१०५-१३० (तारांची जाडी, इंचाच्या हजारांशात) असा पूर्ण सेट एकदम बदला. जास्तीची तार कापण्याआधी तिला काटकोनात घडी घाला, नाहीतर तारेवर गुंडाळलेलं वरचं वेटोळं सैल होऊन तार बद्द वाजते. लावल्यावर सॅडलच्या (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याच्या) अगदी पुढे बोटाने दाबून वळण पक्कं करा. एवढ्यानेही बी बरीच सुधारते.

उजव्या हाताचंही बघा. बी नेकजवळ छेडली तर ढेपाळते. ब्रिजकडे सरकून, जोर न वाढवता छेडा.

काँप्रेसरकडे (मोठे आवाज दाबून पातळी सारखी ठेवणाऱ्या यंत्राकडे) सगळ्यात शेवटी वळा. रेशो (किती दाबायचं) ४:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंदांच्या आसपास, कपात ३ ते ५ डेसिबल. बीचं एक कंपनच सुमारे ३२ मिलिसेकंदांचं असतं, त्यामुळे अटॅक आणि रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) दोन्ही फार वेगवान ठेवले तर आवाज फाटतो.

साउंडचेकला ॲम्पचा ईक्यू सपाट ठेवून पाचही तारांवर पाचव्या फ्रेटवर सारख्याच जोराने चार-चार ठोके वाजवा आणि मिक्सरचं मीटर बघा. मोबाइलच्या रेकॉर्डिंगवरून बी जोखू नका, त्याच्या माइकला इतकं खालचं नीट पकडता येत नाही. बेसच्या चॅनलवर लो-कट (खालचे सूर गाळणारं बटण) दाबलेला नाही ना, हे साउंडवाल्याला आवर्जून विचारा. तो ८० ते १०० हर्ट्झवर असेल तर बीचं मूळ आणि पहिला उपस्वर दोन्ही कापले जातात. पुण्यात डीपी रोडवरच्या उघड्या लॉनवर भिंतींचा आधार नसतो, म्हणून बंद हॉलचं सेटिंग तिथे जसंच्या तसं वापरू नका.

ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला बेस असेल तर ९ व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरने मोजा. ८ च्या खाली असेल तर कार्यक्रमाआधीच बदला, कारण ती उतरली की सगळ्यात आधी बीच फाटते. वाजवून झालं की केबल काढून ठेवा; जॅकमध्ये राहिली तर बॅटरी रात्रभर उतरत राहते.