लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही? या चुका टाळा

"तीन महिने गोळ्या घेतल्या मॅडम, तरी हिमोग्लोबिन 9 वरच." नागपुरात लॅबच्या काउंटरवर हे मी वरचेवर ऐकते. यावर बहुतेक जण गोळ्यांचा डोस वाढवतात. आधी लोह कुठे अडलंय ते शोधा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपलं यकृत सिरुलोप्लाझ्मिन नावाचं निळसर प्रथिन तयार करतं. 1948 मध्ये स्वीडनच्या होल्मबर्ग आणि लॉरेल यांनी ते वेगळं काढलं. त्याच्या प्रत्येक रेणूत तांब्याचे 6 अणू असतात. पेशीतून लोह फेरस या एका रासायनिक रूपात बाहेर येतं, पण रक्तातून ते वाहून नेणारं ट्रान्सफेरिन हे प्रथिन फक्त फेरिक या दुसऱ्या रूपातलं लोह उचलतं. हा बदल सिरुलोप्लाझ्मिन घडवतं. ते नसेल तर कणगी भरलेली असूनही चूल उपाशी राहते, म्हणजे लोह यकृतात साठतं आणि जिथे रक्तपेशी तयार होतात त्या अस्थिमज्जेपर्यंत पोचत नाही.

म्हणून नुसतं सीरम आयर्न, म्हणजे रक्तातलं लोह, बघून गोळ्या सुरू करू नका, सोबत लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासा. आयर्न कमी आणि फेरिटिन जास्त असेल, तर बहुधा शरीरात कुठेतरी संसर्ग किंवा दाह असतो. फार क्वचित जन्मजात सिरुलोप्लाझ्मिनच नसतं. अशा रुग्णांत मधुमेह, डोळ्याच्या पडद्याचा विकार आणि पुढे चालताना तोल जाणं दिसतं, कारण लोह स्वादुपिंडात आणि मेंदूतही साचतं. त्यांना लोह देणं म्हणजे साठ्यात भर घालणं.

झिंकची चूक मला सगळ्यात जास्त सलते. कोरोनाच्या काळात सुरू केलेल्या झिंकच्या गोळ्या कोणी थांबवायला सांगितलंच नाही, म्हणून चालू राहतात. जास्तीच्या झिंकमुळे आतड्याच्या पेशी तांबं धरून ठेवतात आणि त्या झडल्या की ते मलावाटे निघून जातं. महिनोन्‌महिने असं चाललं की सिरुलोप्लाझ्मिन घटतं, हिमोग्लोबिनसोबत पांढऱ्या पेशीही कमी होतात, कधी पाय बधिर पडतात. इथे लोह कितीही दिलं तरी उपयोग नाही.

सिरुलोप्लाझ्मिनचा रिपोर्टही घाईनं वाचू नये. मोठ्या माणसात साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हे प्रमाण धरतात. ताप, गरोदरपण आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी आकडा वाढतो, त्यामुळे विल्सनचा आजार (शरीरात तांबं साचण्याचा जन्मजात आजार, यात हा आकडा सहसा कमी असतो) झाकला जाऊ शकतो. तान्ह्या बाळात तो मुळातच कमी असतो. विल्सनची शंका असेल तर 24 तासांच्या लघवीतलं तांबं आणि डोळ्यांची स्लिट लॅम्प (प्रकाशझोत आणि सूक्ष्मदर्शकाची) तपासणी हवीच.

इतवारी बाजारातून पाण्याचा तांब्याचा गुंड आणून तांब्याची कमतरता भरून काढू नका. पाणी ठेवा, पण मे महिन्यातलं ताक किंवा लिंबू सरबत त्यात नको, आंबटात तांबं उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात. तीळ, काजू, डाळी खा.

आणि आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, या आनुवंशिक रक्ताच्या आजारातही हिमोग्लोबिन कमी राहतं. ती तपासणी झाली नसेल तर आधी करा.

तपासणीला येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, झिंकचं आणि मल्टिव्हिटॅमिनचंसुद्धा.