गाडी पुराच्या पाण्यात उभी होती? आधी सेल्फ मारू नका

बडोद्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, आजव्याच्या तलावाचं पाणी आलं की विश्वामित्री नदी चढते आणि मग समा, कारेलीबाग, अकोटा, कुठे ना कुठे खाली लावलेल्या गाड्या पाण्यात जातातच. ३१ जुलै २०१९ ला झालं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये परत झालं. आणि पाणी उतरलं रे उतरलं की लोक चावी घेऊन खाली पळतात, बघू तरी चालू होते का म्हणून. आमच्या शेजारच्या काकांनी हेच केलं, एकदाच सेल्फ मारला, खट्ट आवाज आला आणि इंजिन जाम. गॅरेजवाल्याने खोललं तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकलेला. अजून वाईट वाटतं, कारण ते इंजिन नक्की वाचलं असतं.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, एवढंच आहे सगळं. सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि पिस्टन वर यायला लागला तर त्या पाण्याला जायला जागाच नसते, मग रॉड वाकतो. म्हणून गिअरमध्ये टाकून धक्का मारणं पण नाही.

आधी पाणी कुठपर्यंत आलं होतं ती चिखलाची रेघ बघा, आतून बाहेरून फोटो काढून ठेवा, इन्शुरन्सला लागतात. मग बोनेट उघडून बॅटरीची मायनस वायर काढा, बऱ्याच गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो.

आता मेन गोष्ट, एअर फिल्टर. डब्याच्या क्लिपा किंवा स्क्रू काढून फिल्टर हातात घ्या. ओला असेल, डब्यात चिखल असेल तर पाणी आत गेलंय असंच धरा आणि तिथेच थांबा. कोरडा असला तरी डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची पट्टी, काढून ऑईल बघा, दुधाच्या चहासारखा रंग आला असेल किंवा लेव्हल वरच्या खुणेच्या पण वर गेली असेल तर ऑईलमध्ये पाणी आहे.

पेट्रोल गाडी असेल तर मेकॅनिक सगळे स्पार्क प्लग काढून मग इंजिन फिरवतो, पाणी प्लगच्या भोकातून बाहेर उडतं. डिझेलचं काम जास्त किचकट, त्यात घरी हात घालू नका.

फिल्टर कोरडा, ऑईल स्वच्छ आणि पाणी फक्त टायरला लागलेलं, तेव्हाच वायर परत जोडून स्टार्ट करा. आतलं कार्पेट भिजलं असेल तर नाही, तिथे खाली वायरिंग असतं.

अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यात, चालती गाडी बंद पडली तरी हाच नियम, परत सेल्फ मारायचा नाही, उतरून न्यूट्रलमध्ये ढकलत बाहेर काढा. ऑटोमॅटिक असेल तर टो करताना ट्रकवर चढवूनच न्यायला सांगा. आणि पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शन घेतलंय का ते पावसाळ्याआधीच बघून ठेवा, साध्या पॉलिसीत पाण्यात सेल्फ मारून बिघडलेल्या इंजिनाचे पैसे बहुतेक मिळत नाहीत.