चार महिने गाडी येणार नाही असे धरून: घरच्या कचऱ्याची वर्गवारी

खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात आणि भीमगडच्या जंगलातील आमगाव, गवाळी, पास्टोली यांसारख्या गावांत, मृगाचा पाऊस स्थिरावला की वाटा ओढ्यांच्या ताब्यात जातात. बेळगाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, चिकोडी तालुक्यात, कृष्णा आणि दूधगंगा भरून वाहू लागल्या की कल्लोळ-यडूर मार्गावरील बंधारा पाण्याखाली जातो, आणि ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तर नदीकाठच्या अनेक गावांना पाण्याने चहूबाजूंनी वेढले होते. समुद्र नसला तरी ही बेटेच आहेत. बेटावर जे होडीतून येते ते होडीतूनच परत न्यावे लागते. आपल्याकडे होडीच्या जागी ग्रामपंचायतीची गाडी किंवा भंगारवाल्याचा टेम्पो असतो आणि तो कधी येणार हे पाऊस ठरवतो.

शहरात ओला आणि सुका कचरा वेगळा करा एवढे सांगून भागते, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी दारात उभी राहते. आपल्या घरांनी मात्र जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत कोणीही येणार नाही असे गृहीत धरूनच मांडणी करावी. त्यासाठी दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्या लागतात: ओले ते परड्याबाहेर जाऊ द्यायचे नाही आणि सुके ते कधीही भिजू द्यायचे नाही. बाकीची सारी कृती या दोहोंच्या पोटात येते.

उघडिपीच्या दिवसांत फिरणाऱ्या पंचायतीच्या गाडीवरचा कर्णा ‘हसी कस, ओण कस बेरे बेरे माडी’, म्हणजे ओला कचरा आणि सुका कचरा वेगवेगळा करा, असे सांगत जातो. कानडीत कस म्हणजे कचरा आणि मराठीत जमिनीचा कस म्हणजे तिचे सत्त्व. दोन्ही भाषा रोज बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हा योगायोग गमतीचा वाटतो, पण ओल्या कचऱ्याच्या बाबतीत तो अगदी शब्दशः खरा आहे.

ओला कचरा: खड्डा नको, चौथरा हवा

गोठ्यात जनावर असेल तर भाजीचे देठ, ताज्या साली आणि पेज आधी त्याच्या वाट्याला जावी. आंबलेले, बुरशी आलेले किंवा तेलकट अन्न मात्र जनावरापुढे टाकू नये. उरलेल्याचे खत करायचे. परंपरेने आपण परड्याच्या कोपऱ्यात खड्डा खणून उकिरडा करतो आणि जेथे पाऊस बेताचा असतो तेथे ते योग्यही आहे. आमच्या घरी पहिल्या वर्षी मी हातभर खोल खड्डा खणून त्यात स्वयंपाकघरातील सगळे ओले टाकत गेलो आणि आर्द्रा नक्षत्र संपायच्या आत त्याचे डबके झाले. पाण्याने हवेची वाट बंद केली की कचरा कुजत नाही, सडतो, आणि त्या दोन क्रियांतील फरक शेजाऱ्यांच्या नाकाला सर्वांत आधी कळतो.

म्हणून जमिनीपासून वीतभर उंच असा चिऱ्यांचा किंवा दगडांचा चौथरा रचावा, त्याच्या तिन्ही बाजूंना बांबूच्या कामट्यांची फटीफटींची भिंत करावी आणि वर जुनी कौले किंवा पत्रा असा टाकावा की पागोळ्या आत पडणार नाहीत. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन फूट ठेवल्यास ढिगाच्या पोटात उष्णता टिकते. त्याहून लहान ढीग लवकर निवतो आणि कुजण्यास फार वेळ लावतो. घर लहान असेल आणि परडे नसेल, तर बुडाला आणि बाजूंना भोके पाडलेले तीन माठ एकावर एक ठेवूनही हे काम होते. खानापूरची माती भांड्यांसाठी नावाजलेली आहे, त्यामुळे चिरलेला, पाणी न धरणारा माठ मिळणे आपल्याकडे अवघड नाही.

तळाशी नारळाच्या सोडणांचा आणि काटक्यांचा चार बोटे जाड थर द्यावा. त्यावर रोजचे ओले पसरावे आणि जेवढे ओले टाकले त्याच्या दुप्पट मापाने कोरडा पाला टाकून ते पूर्ण झाकावे. पहिल्या काही दिवसांत ओंजळभर जुने खत किंवा शेणकाला मिसळला की कुजवणारे जीवाणू लवकर कामाला लागतात. या साऱ्या व्यवस्थेची मेख कोरड्या पाल्यात आहे, कारण आषाढात तो कोठेही मिळत नाही. माघ-फाल्गुनात आंबा, फणस, काजू, जांभूळ यांचा जो पाला आपण झाडून पेटवून देतो, तोच पोत्यांत भरून ठेवावा लागतो. घरात रोज दोन लिटरचे भांडे भरेल एवढा ओला कचरा निघत असेल, तर चार महिन्यांत तो सुमारे २४० लिटर होतो आणि त्याला ४८० लिटर पाला लागतो. खताच्या रिकाम्या पोत्यात दाबून साठ-सत्तर लिटर मावतो असे धरले तर सात-आठ पोती पडवीत रचलेली असावीत. पाला कमी पडल्यास बारीक तोडलेली पिंजर (पेंढा) किंवा लाकडाचा भुसा चालतो. भाताचे तूस थोडेच मिसळावे, कारण त्यातील सिलिकामुळे ते लवकर कुजत नाही. त्याचा उपयोग ढिगात हवा खेळती ठेवण्यापुरता आहे.

दर आठवड्याला ढीग फावड्याने वरखाली करावा आणि मूठभर मिश्रण हातात घट्ट दाबून पाहावे. बोटांतून पाणी ठिबकले तर पाला वाढवावा आणि मूठ उघडताच सारे भुरभुरून पडले तर पाण्याचा हबका मारावा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला, तर ओले अधिक झाले आहे किंवा कोणी चुलीची राख ओतली आहे असे समजावे. मासळीचे काटे आणि उरलेले अन्न ढिगाच्या मध्यभागी पुरून वर पाला घालावा, अन्यथा गावातली कुत्री आणि जंगलालगत रानडुकरेही तेथे येतील. फणसाची चारखंडे कोयत्याने तुकडे करूनच टाकावीत. करवंट्या आणि आंब्याच्या कोयी वर्षभर तशाच राहतात, त्या वाळवून चुलीत घातलेल्या बऱ्या. चतुर्थीचे निर्माल्य ढिगात जरूर जावे, पण हारातील दोरा, जर आणि प्लास्टिकची फुले आधी काढून घ्यावीत. निपाणीकडच्या ज्या घरांत तंबाखूचे किंवा विड्यांचे काम चालते, त्यांनी तंबाखूची भुकटी गांडूळखतात टाकू नये, कारण निकोटीनने गांडुळे मरतात. दोन ते तीन महिन्यांत ढिगाचा तळ काळा आणि मोकळा होतो, त्याला पहिल्या पावसातील मातीचा वास येतो आणि मूळ वस्तू ओळखू येत नाही; मग ते खत चाळून भाजीच्या वाफ्यांना घालावे.

सुका कचरा: धुणे, वाळवणे, चपटे करणे

सुका कचरा चार महिने घरात ठेवायचा म्हटल्यावर पहिली भीती वासाची, मुंग्यांची आणि उंदरांची असते. ती सर्वस्वी खरकट्यामुळे निर्माण होते. धुतलेल्या प्लास्टिकला वास येत नाही. भांडी घासल्यानंतरच्या शेवटच्या पाण्यात दुधाची पिशवी, तेलाची पिशवी, कुंदा या मिठाईचा डबा विसळून घ्यावा आणि पडवीत आडव्या बांधलेल्या दोरीवर चिमट्याने अडकवावा. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तो पूर्ण तोडू नये, पिशवीला लटकत ठेवावा. तो बोटभर तुकडा वेगळा झाला की कोणी वेचत नाही आणि थेट गटारात किंवा ओढ्यात जातो.

वाळलेल्या वस्तूंसाठी पडवीच्या वाशाला चार पोती टांगावीत: एकात कागद-पुठ्ठा, एकात बाटल्या आणि कडक प्लास्टिक, एकात पिशव्या आणि वेष्टने, एकात काच आणि धातू. बाटल्या पिळून चपट्या करून झाकण लावावे, म्हणजे त्या पुन्हा फुगत नाहीत. टेम्पोचे भाडे जागेवर ठरते आणि हवा वाहून नेण्याचे पैसे कोणी देत नाही. प्लास्टिकच्या वस्तूच्या बुडाला त्रिकोणात १ ते ७ पर्यंतचा आकडा असतो. १, २ आणि ५ या आकड्यांच्या वस्तूंना, म्हणजे पाण्याच्या बाटल्या, तेलाचे कॅन आणि डबे यांना, भंगारात सहसा गिऱ्हाईक मिळते. चिप्स-बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करणे परवडत नाही; ती वेष्टने शेवटी सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकतात, परंतु त्यासाठीही ती कोरडीच असावी लागतात.

कागद हवेतील ओलावा ओढून घेतो, म्हणून वर्षभराची रद्दी मे महिन्यातच विकून टाकावी आणि पावसाळ्यात त्या पोत्यात शक्य तितके कमी साठू द्यावे. थर्मोकोलला मात्र या व्यवस्थेत जागा नाही. ते जवळजवळ सारेच हवा असते, त्यामुळे ते नेण्यास कोणी तयार होत नाही. सजावटीचे थर्मोकोल, प्लास्टिकचे पेले, ताटल्या आणि चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे आणि कर्नाटकाने तर मार्च २०१६ मध्येच प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली होती. तरीही चतुर्थीच्या सुमारास बाजारात थर्मोकोलचे मखर दिसले, तर ते घरात आणूच नये.

न्हाणीची चूल

आपल्याकडील सर्वांत वाईट सवय पाणी तापवण्याच्या चुलीशी जोडलेली आहे. पावसाळ्यात लाकडे ओली असतात, पेट घेत नाहीत, आणि मग हाताशी असलेली प्लास्टिकची पिशवी किंवा जुनी चप्पल चुलीत सारली जाते. पीव्हीसी प्रकारचे प्लास्टिक जळाले की हायड्रोजन क्लोराइड आणि डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात, आणि इतर प्लास्टिक अर्धवट जळून काजळी व कार्बन मोनॉक्साइड सोडते. न्हाणीला धुराडे नसते आणि तेथे पहाटे सर्वाधिक वेळ घरातली बाई बसलेली असते. त्याच राखेने पुढे भांडी घासली जातात आणि उरलेली परसातल्या भाजीला जाते, हे लक्षात घेतले तर या बाबतीत सवलत देता येत नाही. चूल पेटवण्यासाठी वाळलेल्या करवंट्या आणि सोडणे पोतेभर राखून ठेवावीत. ती लवकर पेटतात.

जे कोणत्याच पोत्यात जात नाही

केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमावलीने ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग केले होते. तिसऱ्या भागासाठी झाकणाचा एक डबा मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, आणि नदीकाठच्या गावांत पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा माळ्यावर, ठेवावा. त्यात घड्याळ-रिमोटचे सेल, मुदत संपलेली औषधे, सुया आणि सीएफएल दिवे जावेत. सीएफएलमध्ये पारा असतो, म्हणून गेलेला दिवा त्याच्याच खोक्यात घालून ठेवावा; तो फुटल्यास खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे आणि नंतर तुकडे केरसुणीने न झाडता जाड कागदाने उचलावेत.

उसाच्या पट्ट्यातील घरांत तणनाशकाच्या बाटल्यांचा प्रश्न मोठा आहे. रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे आणि मग बुडाला भोक पाडावे, म्हणजे तिच्यात पुढे कोणी रॉकेल किंवा खायचे तेल भरणार नाही. सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर लाल खूण करून वेगळ्या पिशवीत ठेवावेत. ते शोषखड्ड्याच्या संडासात टाकल्यास नळी तुंबते आणि विहिरीजवळ पुरणे तर मुळीच योग्य नाही. ही एकच पिशवी चार महिने सांभाळणे खरोखर कठीण आहे, म्हणून ज्या घरांना शक्य आहे त्यांनी धुऊन वापरायचे कापडी पॅड आणि लंगोट पावसाळ्यापुरते तरी वापरावेत.

नवरात्राच्या सुमारास वाट सुकते आणि गाडी येऊ लागते. त्या दिवशी लाल खुणेची पिशवी आणि घातक कचऱ्याचा डबा गाडीवरील ताईंच्या हातात, आत काय आहे ते सांगून, स्वतः द्यावा, आणि फुटकी काच पुठ्ठ्यात गुंडाळून वर ‘काच’ असे मराठीत आणि कानडीत दोन्हीकडे लिहावे. भंगारवाल्याला द्यायची पोती वजन होईपर्यंत छपराखालीच ठेवावीत, कारण परतीच्या पावसाची एक सर आली तरी चार महिने कोरडा राखलेला पुठ्ठा भिजतो आणि भंगारवाला तो घेत नाही.