आधी रंकाळा, मग दाजीपूर

कोल्हापुरात पक्षी बघायला सुरुवात करायची म्हटली की लोक थेट दाजीपूरच्या जंगलाची गाडी ठरवतात. मीही तेच केलं होतं. दिवसभर झाडीतून नुसते आवाज ऐकले, मान अवघडली आणि संध्याकाळी वहीत चार नावं. जंगलात पक्षी पानांआड असतो, क्षणभर दिसतो. तेवढ्यात तो ओळखायला डोळा तयार लागतो, आणि डोळा तयार होतो तो तळ्यावर.

म्हणून पहिले सहा महिने रंकाळा तलाव. माझं शिलाईचं दुकान दहाला उघडतं, त्यामुळे सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ माझी. शहराच्या बाजूच्या काठावर थांबा. ऊन पाठीमागून येतं, पाण्यावरचे रंग खरे दिसतात. समोरच्या काठावरून बघाल तर सगळेच पक्षी काळे वाटतील. दुर्बीण ८ बाय ४२ ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. जास्त ताकदीची हातात थरथरते.

काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा दिसला की तो वारकरी. नावातच खूण आहे. जलपर्णीतून लाल चोचीची, निळसर जांभळी कोंबडी शेपटी उडवत चालली, की जांभळी पाणकोंबडी. बुडी मारून भलतीकडेच वर येणारी मुठीएवढी ती टिबुकली. पाणकावळाही बुडी मारतो, पण वर आल्यावर दगडावर पंख पसरून वाळवत बसतो. वंचक मात्र नवख्याला हमखास चकवतो. बसलेला असतो तेव्हा चिखलाच्या रंगाचा, अगदी पायाजवळ असला तरी दिसत नाही. उडाला की पांढरेशुभ्र पंख! पावसाळ्याच्या तोंडाला त्याच्या पाठीवर गडद तांबूस रंग चढतो, तेव्हा हा कुठला नवा बगळा म्हणून वहीत वेगळं नाव लिहू नका. मी लिहिलं होतं.

वही हवीच. तारीख, जागा, वेळ, पक्षी काय करत होता ते लिहा. मोबाइलमधल्या फोटोपेक्षा ते जास्त लक्षात राहतं. पिवळा आणि करडा धोबी हे पक्षी हिवाळी पाहुणे. ते काठावर शेपटी हलवत पहिल्यांदा कधी दिसले याची नोंद दरवर्षी करा. काळा-पांढरा मोठा धोबी बारमाही इथलाच, त्याला यात धरू नका.

नंतर कळंबा तलाव. पाणी ओसरलं की उथळ काठावर लांब गुलाबी पायांचे शेकाट्या, तुतवार, टिटव्या उतरतात. ऊस तुटून ट्रॅक्टर फिरत असेल तर त्या रानातही पाच मिनिटं थांबा. नांगराच्या मागे गायबगळे आणि कोतवाल पक्षी किडे टिपत असतात. मसाई पठारावर चंडोलासाठी जायचं.

एक गोष्ट जिवाला लागून राहिली आहे. एका घरट्याजवळ काहीजण मोबाइलवर त्याच पक्ष्याचा आवाज लावून त्याला बाहेर बोलावत होते. मादी अंडी सोडून गोंधळून फिरत होती. असं कधीही करू नका. घरटं दिसलं तर दोन पावलं मागं या आणि निघा. फोटो राहू दे.

आता दाजीपूर. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे रान. पुढे त्याचं राधानगरी अभयारण्य झालं, क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर. पावसाळ्यात आत सोडत नाहीत, पण तेव्हा घाटरस्त्याच्या ओढ्याकाठी थांबलात तर शीळकरी कस्तूर ऐकू येईल. माणूसच शीळ घालतोय असं वाटून मी मागं वळून बघितलं होतं. हिवाळ्यात आत गेलात की सारखं फिरू नका. फळं धरलेला उंबर किंवा वड शोधा आणि त्याच्याखाली गप्प तासभर बसा. हरियाल, म्हणजे हिरवी कबुतरं, पानांत इतके मिसळतात की फळ खाली पडल्यावरच कळतं वर कुणीतरी आहे. मोठ्या चोचीचा धनेश येतो तेव्हा त्याच्या पंखांचा फसफस आवाज आधी येतो, त्या बाजूला दुर्बीण धरून ठेवा.