‘फाइन’ म्हणजे दर वेळी ‘छान’ नव्हे: या चुका टाळा

मावशी पहिल्यांदा न्यू जर्सीला लेकीकडे गेली, तेव्हा तिनं शेजारणीला चहाचा आग्रह केला. शेजारीण हसून म्हणाली, ‘आय अ‍ॅम फाइन.’ ‘बरी आहेस ना? मग घे की!’ म्हणत मावशीनं कप भरला. ती बिचारी तब्येत सांगतच नव्हती. ‘नको, राहू दे’ म्हणत होती.

शाळेत आपण ‘फाइन’ म्हणजे छान, एवढंच पाठ केलेलं असतं. रोजच्या बोलण्यात तो आपल्या ‘बरं’च्या जास्त जवळचा. जेवण कसं होतं विचारल्यावर ‘इट वॉज फाइन’ आलं, तर खूश होऊ नका. ‘बरं होतं’ इतकंच ते. भांडणाच्या शेवटी येणारं तुटक ‘फाइन!’ म्हणजे ‘बरं बरं, कर तुला हवं ते’. मी एकदा सहकारी बाईंच्या अहवालावर कौतुकानं ‘युअर रिपोर्ट इज फाइन’ लिहिलं. दुपारी त्या पडलेल्या चेहऱ्यानं विचारायला आल्या, ‘काय कमी पडलं?’ तिथे ‘एक्सलंट’ लिहायला हवं होतं. नामाआधी बसला की मात्र हाच शब्द भाव खातो: ‘अ फाइन कुक’ म्हणजे सुगरणच.

दंडाचा ‘फाइन’ निराळा, असंही अनेकांना वाटतं. दोघांचं मूळ एकच, लॅटिन ‘फिनिस’: शेवट, सीमा. पैसे भरून प्रकरण संपवलं तो दंड. पूर्णत्वाला पोचलं ते उत्तम. फायनल, फिनिश, फायनान्स सगळे याच घरातले. (हसू नका, आपला ‘दंड’ही बाहूत, बैठकांत आणि पावतीवर असतोच.)

उत्तमातून पुढे शुद्ध आणि बारीक. बावीस कॅरेटच्या दागिन्यावरचा ९१६ म्हणजे त्याची ‘फाइननेस’, हजारात ९१६ भाग सोनं. ‘फाइन प्रिंट’ म्हणजे करारातल्या बारीक अक्षरातल्या अटी. पाककृतीतला ‘फाइनली चॉप्ड’ कांदा ‘छान चिरलेला’ नसतो, बारीक चिरलेला असतो. आणि स्पेलिंग चुकून ‘फायनली’ झालं, तर ‘अखेर एकदाचा चिरलेला’!

क्रिकेटमध्ये आणखी वेगळं. स्क्वेअर लेगवाला फलंदाजाच्या काटकोनात उभा असतो, तर फाइन लेगवाला मागे, खेळपट्टीच्या रेषेच्या जवळ. तेव्हा कप्तान ‘जरा फाइन हो’ ओरडला, तर यष्टिरक्षकाच्या मागच्या बाजूला सरकायचं.