सीईटीशिवायही इंजिनिअर होता येतं: नाशिकच्या दहावीवाल्यांसाठी

ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीच्या) कारखान्यात सुखोई या लढाऊ विमानांची जोडणी झाली, आता तेजस विमानांचं काम चालतं, हे नाशिकच्या पोरांना पाठ असतं. तिथं पोचायला काय शिकायचं, असं विचारलं की मात्र एकच उत्तर येतं: अकरावी सायन्स, क्लास, सीईटी. तो रस्ता चांगलाच आहे. मी दुसऱ्या रस्त्याने आलो, मेकॅनिकल डिप्लोमा करून. आज अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे.

पॉलिटेक्निकला दहावीच्या मार्कांवर प्रवेश मिळतो. ३ वर्षांचा कोर्स. पुढे डिग्री करायची तर डिप्लोमाच्या मार्कांवर थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, सीईटी लागत नाही. एचएएल अ‍ॅप्रेंटिस घेते तेव्हा आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांनाही संधी असते.

ज्याला वस्तू उघडून बघायचा नाद आहे, त्याने डिप्लोमाचा विचार जरूर करावा, कारण इथं विज्ञान हाताला लागतं. वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा फाइलने म्हणजे कानशीने घासून काटकोनात आणायचा. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. मग मायक्रोमीटर येतो, ०.०१ मिमीपर्यंत मोजणारा. मशीनवरून नुकताच उतरलेला गरम जॉब, म्हणजे घडवलेला भाग, मोजला तर माप जास्त येतं, गार झाल्यावर कमी. शाळेतला प्रसरणाचा धडा मला तिथं खरा कळला. १०० मिमी पोलाद १० अंशांनी तापलं तर साधारण ०.०१२ मिमी वाढतं. एवढ्यावरून पार्ट रिजेक्ट होऊ शकतो! म्हणून मोजमापाची खोली २० अंशांवर ठेवतात. रोज हे काम करूनही मला त्याचं अप्रूप वाटतं.

गणिताकडे मात्र दुर्लक्ष नको. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात डिप्लोमावाल्यांना तेच जड जातं, बारावीवाल्यांचा सराव जास्त झालेला असतो. मराठी माध्यमाची धास्ती घेऊ नका. पार्टचं मापांसह काढलेलं ड्रॉइंग वाचता आलं की शॉपफ्लोअरवर बोलायला भीती वाटत नाही.

अजून आठवी-नववीत असाल तर शाळेत इन्स्पायर-मानक योजनेबद्दल विचारा. निवडलेल्या कल्पनेचं मॉडेल करायला १०,००० रुपये विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. विषय लांब शोधू नका. कांदाचाळीत साठवलेला कांदा का सडतो, तिथली दमट हवा कशी मोजायची, हा निफाड-लासलगावकडच्या कुणालाही घरबसल्या मिळणारा प्रश्न आहे, आणि त्यावर अजून भरपूर काम व्हायचं आहे.