भाड्याचा अंदाज देणारं मॉडेल: आधी उलगडून बघा, मग सर्व्हरवर चढवा

समजा, पुण्यातल्या फ्लॅटचं मासिक भाडं सांगणारं मॉडेल तुम्ही सायकिट-लर्न या पायथॉनच्या मशीन लर्निंग लायब्ररीत तयार केलंय. परिसर, कार्पेट एरिया, मजला, लिफ्ट, पार्किंग एवढं भरलं की आकडा मिळतो. लॅपटॉपवर ते नीट चालतंय आणि आता ते लोकांना वापरायला द्यायचंय. अशा वेळी बहुतेक जण थेट सर्व्हरच्या मागे लागतात. माझा आग्रह आहे, पहिलं काम मॉडेल उलगडून बघण्याचं, म्हणजे ते कशाच्या आधारावर आकडा देतं ते तपासण्याचं.

त्यासाठी शॅप ही पायथॉनची मोफत लायब्ररी बसवा. एकत्र मिळवलेल्या फळात प्रत्येकाचा रास्त वाटा किती, याचं गणित लॉइड शॅप्ली यांनी १९५३ साली मांडलं होतं; स्कॉट लुंडबर्ग आणि सू-इन ली यांनी २०१७ मध्ये त्याच्याच आधारावर शॅप आणलं. मॉडेलसाठी रँडम फॉरेस्ट किंवा एक्सजीबूस्ट ही निर्णयवृक्षांवर चालणारी पद्धत वापरली असेल तर शॅपमधला ट्री एक्सप्लेनर घ्या, तो झटपट उत्तर देतो. प्रत्येक घराचा हिशेब असा समोर येतो: सरासरी अंदाज १८ हजार, बाणेरमध्ये आहे म्हणून ५ हजार अधिक, लिफ्ट नसताना चौथा मजला म्हणून २ हजार वजा, एकूण २१ हजार.

मग माहितीतल्या कोणत्या रकान्याचा परिणाम किती, याचा सगळ्या घरांचा मिळून शॅपने आलेख काढा आणि सर्वांत वर कोणता रकाना आलाय ते बघा. तिथे ‘डिपॉझिट’ असेल तर थांबा. डिपॉझिट भाड्याच्या पटीतच ठरतं, म्हणजे मॉडेल भाडं शिकलेलंच नाही, ते फक्त भागाकार करतंय. घर शोधणाऱ्याला डिपॉझिट आधी कुठून माहीत असणार? तो रकाना काढून मॉडेल पुन्हा शिकवा. अचूकता घसरेल, पण आता दिसेल तीच खरी. ‘फॅमिली की बॅचलर’ हा रकाना असेल तर त्याच्याकडेही बारकाईने बघा. घरमालकांचा पूर्वग्रह माहितीत असेल, तर मॉडेल तो निमूटपणे उचलतं आणि तुमच्या अ‍ॅपमधून तो बाजारभाव म्हणून लोकांसमोर जातो. शॅप मॉडेलचा हिशेब दाखवतं, बाजारातली कारणं नाही, हेही विसरू नका.

आता मॉडेल जतन करा. परिसराच्या नावांचे आकडे करणारी पायरी आणि मॉडेल एकाच पाइपलाइनमध्ये, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या साखळीत, बांधून जॉबलिब या लायब्ररीने फाइल बनवा. लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये नेमक्या लिहा. अनोळखी माणसाकडून आलेली अशी फाइल मात्र कधीही उघडू नका. उघडताना तिच्यातला कोड तुमच्या मशीनवर चालू शकतो.

पुढे फास्टएपीआय या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये, इंटरनेटवरून विनंती आली की अंदाज परत देणारी छोटी सेवा लिहा. सेवा सुरू होताना मॉडेल एकदाच मेमरीत घ्या, दर विनंतीला नको. कार्पेट एरिया शून्याहून जास्तच हवा, अशा अटी पायडँटिक या माहिती तपासणाऱ्या लायब्ररीत घाला. उत्तरात आकड्याबरोबर शॅपची वरची तीन कारणंही पाठवा. भाडेकरूला वाद घालायला काहीतरी हातात मिळतं, आणि ते त्याला मिळायलाच हवं.

मग डॉकर, म्हणजे कोड आणि त्याच्या लायब्रऱ्या कंटेनर नावाच्या एका डब्यात बांधून चालवण्याचं साधन. आधी रिक्वायरमेंट्स फाइल कॉपी करून लायब्रऱ्या बसवा, कोड त्यानंतर कॉपी करा. म्हणजे कोड बदलला की सगळं पुन्हा बसवावं लागत नाही. सेवेचा पत्ता ०.०.०.० ठेवा, म्हणजे ती बाहेरून आलेल्या विनंत्याही घेईल, नाहीतर कंटेनर चालू दिसेल पण बाहेरून कोणाला पोहोचता येणार नाही. सर्व्हर कुठला घ्यायचा हे खिशावर ठरवा. मायक्रोसॉफ्ट अझ्युरचं ‘सेंट्रल इंडिया’ केंद्र तर पुण्यातच आहे.

सेवा सुरू झाली की आलेल्या विनंत्या, दिलेली उत्तरं आणि तारीख साठवा. नाव, फोन नंबर साठवू नका. दर महिन्याला नव्या माहितीची तुलना मॉडेल ज्यावर शिकलं त्या माहितीशी करा, कारण बाजार बदलला की जुनं मॉडेल चुकू लागतं. पुण्याची मेट्रो मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज अशी धावू लागली. २०२१पर्यंतच्या भाड्यांवर शिकलेल्या मॉडेलच्या गावी ती नाहीच. अशा वेळी ‘स्टेशनपासूनचं अंतर’ हा रकाना वाढवा, अलीकडची भाडी घालून मॉडेल पुन्हा शिकवा, आणि नवी फाइल सर्व्हरवर टाकण्याआधी शॅपचा आलेख पुन्हा काढा.